मदत हवी आहे: समोरची व्यक्ती गप्प झाली की मी घाबरते

नमस्कार मंडळी. समुपदेशनाच्या प्रशिक्षणाचं माझं दुसरं वर्ष. प्रात्यक्षिकासाठी दर आठवड्याला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जाते.

वर्गात मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची मांडणी शिकले, समानुभूती आणि बिनशर्त स्वीकार पाठ केले. पण दिवसभर कापूस वेचून आलेली बाई "काई नाई व माय, जीवच लागत नाई" एवढंच म्हणून खाली बघत बसते, तेव्हा मला ती शांतता पेलत नाही. मी लगेच पुढचा प्रश्न टाकते, आणि ती सांगणार होती ते राहून जातं.

मागे एकीसोबत पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरत होते. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. ती म्हणाली, "कधी कधी वाटते." इथे फवारणीचं औषध घरातच असतं. तिथूनच पर्यवेक्षक मॅडमना फोन केला, तिला विचारून बहिणीला बोलावलं, औषध घरातून हलवायला लावलं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. आता ती उपचार घेते आहे. मॅडम म्हणाल्या, बरोबर केलंस. तरी त्या रात्री डोळा लागला नाही, अजूनही तिचा आवाज कानात आहे.

अनुभवी ताई-दादांनो, सुरुवातीला तुम्ही शांततेत कसे बसलात? असं ऐकलेलं घरी घेऊन न जाता कुठे ठेवता? आणि बोलायला अंगणवाडीचा ओटाच असेल, शेजारीण सारखी डोकावत असेल, तर गुप्तता कशी सांभाळता?