सहबाष्पीभवनाने पेरोव्स्काइटचा थर: मिथाइल अमोनियम आयोडाइडचा दर स्थिर कसा ठेवावा?

माळवा_निर्वात (इंदूर)

नमस्कार. मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटचे (सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या स्फटिकी पदार्थाचे) पातळ थर मी निर्वात कक्षात, दोन क्रूसिबलमधून (तापवण्याच्या मुशींमधून) एकाच वेळी बाष्पीभवन करून, काचेवर बसवतो. लेड आयोडाइडचा दर क्वार्ट्झ क्रिस्टलवर (थर किती वेगाने साचतो ते मोजणाऱ्या संवेदकावर) व्यवस्थित स्थिर राहतो. मात्र मिथाइल अमोनियम आयोडाइड तापू लागले की कक्षातील दाब चढतो, त्याच्या क्रिस्टलवरील आकडा कधी शून्याजवळ रेंगाळतो तर कधी एकदम उसळतो, आणि सर्व मांडणी तीच असूनही थर एकदा काळसर तपकिरी, तर एकदा पिवळट निघतो. पिवळट थराच्या एक्स-रे विवर्तन आलेखात (ज्यात प्रत्येक स्फटिकाचे शिखर ठरावीक कोनाला येते) १२.७ अंशांजवळचे लेड आयोडाइडचे शिखर ठळक असते आणि पेरोव्स्काइटचे १४.१ अंशांजवळचे खुजे. क्रूसिबलचे तापमान आणखी वाढवावे का? इंदुरात सध्या पाऊस चालू असल्याने ओलाव्याचाही संशय येतो.

बडोदेकर_काच

तापमान वाढवत जाऊ नये. लेड आयोडाइडची वाफ क्रूसिबलमधून सरळ निघते आणि समोर येईल त्यावर बसते. मिथाइल अमोनियम आयोडाइडचे तसे नाही: ते वायूसारखे सगळ्या कक्षात पसरते, भिंतींवर बसते, तिथून पुन्हा उठते, आणि नुसत्या क्रिस्टलवर फारसे चिकटत नसले तरी लेड आयोडाइड असलेल्या पृष्ठभागावर चांगले चिकटते. म्हणजे क्रिस्टलवर आधी काय साचले आहे त्यानुसार त्या आकड्याचा अर्थच बदलतो, आणि अशा आकड्यावर दर बांधण्यात हशील नाही. दोन्ही शटर (वाफ अडवणारी झाकणे) बंद ठेवून मिथाइल अमोनियम आयोडाइड सावकाश तापवावे, कक्षाचा दाब एका पातळीवर टिकला की मगच काच उघडी करावी, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तोच दाब राखून केवळ लेड आयोडाइडचा दर थोडाथोडा बदलत एक्स-रे आलेख पाहावा. २०१३ साली ऑक्सफर्डच्या गटाने याच पद्धतीने १५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचा सौरघट ‘नेचर’मध्ये मांडला, तो शोधनिबंध वाचताना हे काम वाटते तितके सरळ नाही.

कक्ष नुकताच धुतला असेल तर पहिला थर हिशेबात धरू नये, कारण कोऱ्या भिंती बरीच वाफ स्वतःच शोषून घेतात.

क्षिप्राकाठ

वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. मिथाइल अमोनियम आयोडाइडची बाटली बदलली की वर्तन बदलू शकते, कारण ते ज्या हायड्रोआयोडिक आम्लापासून बनते त्यात स्थिरीकरणासाठी घातलेल्या हायपोफॉस्फरस आम्लाचे अवशेष मागे राहतात आणि त्यांमुळे बाष्पीभवन व चिकटणे दोन्ही बदलते. म्हणून प्रत्येक थरापुढे वहीत बॅच क्रमांक लिहावा. दुसरे, काच गरम असेल तर हे संयुग तिच्यावर टिकत नाही व लेड आयोडाइड उरते. फार थंड असेल तर उलट तेच जास्त होते. सुरुवात साध्या खोलीच्या तापमानाला करावी.

ओलाव्याचे निदान सोपे आहे. कक्ष उघडताक्षणीच थर पिवळा असेल तर वाफ कमी पडली. काळसर निघून बाहेर ठेवल्यावर पिवळा पडत गेला, तर दोष हवेचा. मात्र हे क्षार पाणी ओढतात, तेव्हा वजन करून क्रूसिबल भरण्याचे काम ग्लोव्ह बॉक्समध्येच (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत) उरकावे.

माळवा_निर्वात (इंदूर)

आभारी आहे. थर कक्षातून निघतानाच पिवळट असतात, आणि वही चाळली असता ते बहुतेक कक्ष धुतल्यानंतरचेच दिसतात. आधी लेड आयोडाइडचा थर बसवून नंतर त्याला मिथाइल अमोनियम आयोडाइडची वाफ दिली, तर ही कटकट टळेल का?

बडोदेकर_काच

दराची कटकट बरीचशी टळते, पण दुसरी येते. वाफ आत शिरते तसा थर फुगतो आणि जाडी जवळजवळ दुप्पट होते. शिवाय वर आधी तयार झालेले पेरोव्स्काइट पुढच्या वाफेची वाट अडवते, त्यामुळे तळाशी लेड आयोडाइड कच्चे राहते. मूळ थर १५० नॅनोमीटरच्या आसपास ठेवला तर अंतिम जाडी सुमारे ३०० नॅनोमीटर येईल. त्याहून जाड हवा असल्यास टप्प्याटप्प्याने जावे.

कोणतीही पद्धत घेतली तरी पंपापुढे कोल्ड ट्रॅप (वाफ गोठवून अडवणारा थंड सापळा) असू द्यावा, कारण आयोडाइडची वाफ पंपाचे तेल आणि दाबमापक दोन्ही खराब करते. भिंती कोरड्या खरवडू नयेत. शिशाची धूळ उडते. हातमोजे घालून ओल्या फडक्यानेच पुसाव्यात, आणि ते फडके घातक कचऱ्याच्या डब्यात जावे.