मदत हवी आहे: थ्रिलरची सवय आहे, 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' सातव्या प्रकरणात अडकली

पानखूण

नुकत्याच वाचलेल्या तीन कादंबऱ्यांबद्दलची मतं आधी, मग अडचण.

'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) अफाट आवडली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारण्याच्या कटाची गोष्ट. द गॉल १९७० साली आपल्या घरीच वारले, म्हणजे कट फसणार हे आधीच ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची 'द मार्शियन'ही आवडली, पण सुरुवातीचं वादळ पटलं नाही. मंगळावर हवा इतकी विरळ, मग वाऱ्याने यान कलंडेल कसं?

'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही चिनी विज्ञानकादंबरी (इंग्रजी अनुवादात) मात्र पुढे सरकत नाही. १९६७चा, सांस्कृतिक क्रांतीतला चीन जबरदस्त उभा केलाय, पोलीस तपासही पकड घेतो, आणि सातव्या प्रकरणात अचानक संगणकावरचा खेळ, ओसाड माळ, राजा वेन. नावंही लक्षात राहत नाहीत. खेळाची प्रकरणं गाळली तर चालेल का? आणि यानंतर काय वाचावं? कृपया रहस्यभेद नको.

अक्षरवेल

गाळू नका. या पुस्तकातला खरा तपास तिथेच चाललाय.

'जॅकल'मध्ये शेवट माहीत असूनही आपण वाचतो, कारण उत्सुकता 'कसं' याची असते: खोटा पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कशी लपवली. खेळाची प्रकरणं त्याच नजरेने वाचा. तिथे एक अख्खं जग सतत बुडतंय आणि कारण कुणालाच कळत नाहीये. सूर्य कधी उगवेल याचा नेम नाही. स्थिर युग आणि अस्थिर युग आलटून पालटून येतात, आणि वाईट काळ आला की माणसं अंगातलं पाणी काढून टाकतात आणि कातड्यासारखी गुंडाळून ठेवली जातात. प्रत्येक फेरीत कुणीतरी नवा सिद्धान्त मांडतो आणि तोंडघशी पडतो. फेरी संपली की तीनच गोष्टी टिपून ठेवा: सिद्धान्त काय होता, सूर्य कसा वागला, गणित कुठे चुकलं. तिसऱ्या फेरीत कोपर्निकस येतो, तिथे शीर्षकाचा अर्थ उघडतो. न्यूटनच्या फेरीपर्यंत तर पोचाच. तिथे तीन कोटी सैनिक काळे-पांढरे झेंडे घेऊन उभे राहतात आणि त्यांचा मिळून एक संगणक होतो. तिघांचं एक गेट, म्हणजे संगणकातला सगळ्यात छोटा निर्णय घेणारा भाग: दोघे आकडे देणारे, तिसरा उत्तर देणारा. त्या तिसऱ्याला पूर्ण गणिताचा पत्ता नसतो, समोरच्या दोघांचे झेंडे बघायचे आणि आपला वर करायचा, बस्स. संगणक आतून कसा चालतो हे कादंबरीत इतकं सोपं करून सांगितलेलं विरळाच.

आता नावं. चिनी नावात आडनाव आधी येतं. 'ये वेनज्ये'मध्ये 'ये' हे आडनाव. खरा गोंधळ होतो तो पोलीस अधिकाऱ्याच्या बाबतीत: शी चियांग आणि 'दा शी' हा एकच माणूस ('दा' म्हणजे मोठा, थोरला). इंग्रजी आवृत्तीत सुरुवातीला पात्रांची यादी आहे, त्या पानाला खूण घालून ठेवा.

तुम्हाला बसलेल्या धक्क्याचं एक कारण रचनेतही आहे. पुस्तकरूपातल्या चिनी आवृत्तीत १९६७चा भाग आत, मधे कुठेतरी येतो. इंग्रजी अनुवादात तो पहिला आहे. त्यामुळे इंग्रजीतून वाचणारा इतिहासाच्या कादंबरीच्या तयारीने बसतो आणि चौथ्या प्रकरणात पुस्तकच बदलल्यासारखं वाटतं. प्रकरण ४ ते ६ पुन्हा एकदा सलग वाचा आणि न थांबता सातवं घ्या. ही सलगता तुटली की खेळ उपरा वाटतो.

धूमकेतू

वादळाबद्दल तुमचा आक्षेप रास्त आहे. वाऱ्याचा जोर हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मंगळावरच्या हवेची घनता पृथ्वीच्या सुमारे साठावा भाग. साठचं वर्गमूळ पावणेआठच्या आसपास, म्हणजे तिथला ताशी १७५ किमीचा वारा इथल्या ताशी २२-२३ किमी वाऱ्याएवढाच रेटा देईल. त्यात झाडाच्या लहान फांद्या हलतात, यान कलंडत नाही. लेखकाने हे स्वतःच कबूल केलंय. नायकाला एकटं पाडायला त्याला काहीतरी हवं होतं.

पण एवढ्यावरून पुस्तक खोटं ठरवू नका. पाण्याचा प्रसंग पुन्हा काढून बघा. हायड्रॅझिन हे यानाचं इंधन इरिडियम धातूवरून सोडलं की नायट्रोजन आणि हायड्रोजन सुटे होतात, हायड्रोजन जाळला की पाणी. रसायनशास्त्र चोख आहे. स्फोट होतो तो उच्छ्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन हिशेबात धरला नाही म्हणून. ज्ञान पुरेसं असूनही एक क्षुल्लक रकाना राहून जातो आणि माणूस मरता मरता वाचतो. थ्रिलर यापेक्षा वेगळं काय देतो? मला विचाराल तर वादळापेक्षा मातीचा प्रश्न मोठा. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट (क्लोरीनयुक्त क्षार) सापडलं, ते माणसाच्या थायरॉइडला घातक. ती माती आधी पाण्याने धुतल्याशिवाय नायक तिथे पिकवतो ते बटाटे खाण्याजोगे होणार नाहीत.

रातकिडा

पुढचं पुस्तक: आसिमोव्ह यांची 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४). खून, तपास करणारा पोलीस, जोडीला माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. यंत्रमानवांचे तीन नियम वाचकासमोर उघड मांडलेले आहेत आणि संशयिताला सोडवायचं की अडकवायचं हे त्या नियमांच्या आधारेच ठरतं, त्यामुळे तुम्हालाही सोबत डोकं चालवता येतं. आवडली तर 'द नेकेड सन' लगेच घ्या.

'थ्री-बॉडी'चा दुसरा भाग, 'द डार्क फॉरेस्ट', मात्र लगोलग सुरू करू नका. अनुवादक वेगळा आहे आणि पहिला अर्धा भाग बराच संथ आहे.

पानखूण

सगळ्यांचे आभार. प्रकरण ४ पासून पुन्हा सुरू करतो, कागद-पेन्सिल घेऊन. एक उपप्रश्न: न्यूटनच्या फेरीआधी गेट म्हणजे काय ते वेगळं वाचून ठेवावं लागेल का?

अक्षरवेल

गरज नाही. सैनिकांना शिकवतात तेव्हा वाचकालाही शिकवलं जातं. समजलं नाही तर तीन नाणी घ्या: दोन्ही छापे असतील तरच तिसरं छाप, नाहीतर काटा. झालं 'अँड' गेट.