मदत हवी आहे : मराठी प्रशिक्षण पुस्तिकेसाठी सॉफ्टवेअर आणि प्रिंटर

तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही ४८ पानी मराठी पुस्तिका तयार करत असून, ए-फोर कागद मधोमध दुमडून तिच्या दरमहा २०० प्रती सांगलीतच छापायच्या आहेत. मजकूर वर्डमध्ये, युनिकोडमध्ये आहे. मात्र फवारणीच्या एखाद्या तक्त्यात ओळ वाढली की पुढची सगळी मांडणी सरकते. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल्स लावल्यावर मथळे आणि अनुक्रमणिका सुधारली, तक्ते नाही. एका डीटीपी केंद्राने पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करून दिले, पण त्यात आम्हाला स्वतः दुरुस्ती करता येईना, आणि औषधाचे प्रमाण चुकीचे छापले जाणे कदापि चालणार नाही.

सध्याच्या इंकटँक प्रिंटरची शाई बागेत ओल्या हातांनी पसरते, म्हणून दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा कृष्णधवल लेसर प्रिंटर घ्यावा असे वाटते. रोगांच्या छायाचित्रांची रंगीत पाने चारच, म्हणजे मधला एकच कागद आहे. तो बाहेरून छापून घेऊ. संगणक विंडोजचा आहे, एकूण खर्चाची मर्यादा ३०,००० रुपये आहे आणि वार्षिक वर्गणीचे सॉफ्टवेअर नको.

स्क्राइबस १.६ या पानमांडणीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरे आणि मोठे तक्ते प्रत्यक्षात नीट सांभाळले जातात का, की रायटरमध्येच तक्ते स्थिर ठेवण्याचा काही मार्ग आहे? आणि दरमहा २,२०० कागद (प्रतीमागे ११) दोन्ही बाजूंनी छापण्याचा ताण या किमतीतील कोणता लेसर प्रिंटर सोसेल?