लोकल चॅनल: थेट संपवून रेकॉर्डेड लावलं की बॉक्स गोठतो, शिवाय आवाजाच्या दोन तक्रारी

रात्रपाळी_प्लेआउट
केबल कंपनीचं लोकल चॅनल आहे. एक प्लेआउट कॉम्प्युटर (कार्यक्रम लावणारा), एचडीएमआय स्विच, एच.२६४ एन्कोडर (चित्र-आवाज दाबून लहान करणारा), पुढे मल्टिप्लेक्सर (अनेक चॅनल्स एका प्रवाहात गुंफणारा) आणि ६४-क्वाम (तो प्रवाह केबलवर चढवायची पद्धत). चॅनल १०८०आय, ५० फील्डचं (सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची). कार्यक्रम बहुतेक स्वयंसेवकांनी मोबाइलवर शूट केलेले, आठवड्यातून एकदा सभागृहातून थेट प्रक्षेपण. तीन दुखणी आहेत:

थेट संपवून रेकॉर्डेड लावलं की काही सेट-टॉप बॉक्सवर चित्र गोठतं. चॅनल बदलून परत आलं की सुरू होतं.

तासाभराच्या कार्यक्रमात सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, शेवटी आवाज पाऊण सेकंद मागे.

सभागृहातल्या वक्त्याचा आवाज इथे हेडफोनवर खणखणीत, पण काही घरांत जवळजवळ ऐकूच येत नाही.

एन्कोडर बदलायचा विचार चालू आहे. त्यानं सुटेल का?

हेडएंडवाला
एन्कोडरला हात लावू नका, दोष त्याच्या आधी आहे. साधा एचडीएमआय स्विच इनपुट बदलताना सिग्नल चक्क तोडतो, एखाद-दोन सेकंद एन्कोडरला काहीच मिळत नाही. त्यात कॅमेरा १०८०पी ६० (सेकंदाला ६० पूर्ण चित्रं) देत असेल आणि कॉम्प्युटर १०८०आय ५०, तर एन्कोडर नव्यानं फॉरमॅट ओळखतो आणि एन्कोडिंग पहिल्यापासून सुरू करतो. पीसीआरचं, म्हणजे बॉक्स ज्यावर चालतो ते प्रवाहातलं घड्याळ उडी मारतं, काही एन्कोडर पीएमटीची (चॅनलमध्ये काय काय आहे त्या यादीची) आवृत्तीही बदलतात. चांगला बॉक्स ते पचवून पुढे जातो, जुना तिथेच अडकतो.

म्हणून एन्कोडरला कायम एकच, न तुटणारा सिग्नल मिळाला पाहिजे. साध्या स्विचच्या जागी असा स्विचर घ्या ज्याच्या प्रत्येक इनपुटला फ्रेम सिंक (येणारं चित्र स्विचरच्या ठोक्यावर बसवणारं) आणि फॉरमॅट कन्व्हर्टर आहे. आत काहीही येऊ दे, बाहेर १०८०आय ५०च जायला हवं. खरेदीआधी नीट पाहा, स्वस्त स्विचरमध्ये हे बऱ्याचदा एखाद्याच इनपुटला असतं किंवा नसतंच. एन्कोडरचं इनपुट ‘ऑटो’वर ठेवू नका, फॉरमॅट ठरवून टाका. इनपुट गेलं तर आउटपुट बंद न होता चॅनलची पाटी दिसेल अशी सेटिंग बहुतेक एन्कोडरमध्ये असते, ती चालू करा. प्लेआउट कॉम्प्युटरची स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद. सभेत कोणी लॅपटॉप जोडला आणि पडदा काळाच राहिला, तर आधी एचडीसीपीचा, म्हणजे एचडीएमआयमधल्या कॉपी-संरक्षणाचा संशय घ्या. सोय असेल तर ते लॅपटॉपवर किंवा प्लेअरवर बंद करावं लागतं.

बिटरेट सीबीआर, म्हणजे कायम एकसारखा ठेवा. ६.८७५ मेगासिंबॉलला ६४-क्वाममधून साधारण ३८ मेगाबिट मिळतात. त्यात बाकीची चॅनल्स काठोकाठ भरलेली असतील आणि तुमचं व्हीबीआर (कमी-जास्त होणारा बिटरेट) असेल, तर मैदानी स्पर्धेतल्या धावपळीच्या दृश्यात चौकोन पडणारच. व्हिडिओला ६ ते ७ मेगाबिट, आवाजाला १९२ किलोबिट पुरतात. मल्टिप्लेक्समध्ये ५ टक्के जागा मोकळी असू द्या. की-फ्रेम (आधीच्या चित्रांवर न विसंबणारी पूर्ण फ्रेम) सेकंदाला एक.

पुढेमागे एन्कोडर बदललाच, तर सर्व्हिस आयडी (चॅनलचा क्रमांक) आणि सगळे पीआयडी (त्यातल्या चित्र-आवाजाच्या प्रवाहांचे क्रमांक) जुनेच ठेवा. नाहीतर ज्यांचे बॉक्स आपोआप रीस्कॅन करत नाहीत त्यांच्याकडे चॅनल काळं होईल.

टाइमलाइन
दुसऱ्या दुखण्याबद्दल. फरक सुरुवातीपासून सारखाच असता तर डिलेची सेटिंग लावून काम झालं असतं. इथे तो वाढत जातोय. एका कार्यक्रमाची मोबाइलवरची मूळ फाइल मीडियाइन्फोत (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि ‘फ्रेम रेट मोड’ समोर काय लिहिलंय ते इथे टाका. ‘व्हेरिएबल’ असणार. उजेड कमी झाला की मोबाइल फ्रेमचा वेग आपणहून कमी करतो, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती फाइल स्थिर वेगाची धरून चालतात.

ध्वनिवाहिनी
तिसऱ्याचं: सभागृहाच्या मिक्सरमधून कॅमेऱ्यात आवाज कसा नेता? एक्सएलआरवरून (मिक्सरचा तीन पिनांचा कनेक्टर) थेट मिनीजॅकवर उतरणारी साधी केबल असेल तर गुन्हेगार तीच. बॅलन्स्ड लाइनमध्ये पिन २ वर सिग्नल असतो आणि पिन ३ वर तोच, पण उलटा. अशी केबल पिन २ डाव्या चॅनलला आणि पिन ३ उजव्या चॅनलला जोडते. हेडफोनवर दोन्ही कानांत आवाज भरपूर येतो, जरा पोकळ वाटतो एवढंच. पण एकच स्पीकर असलेल्या टीव्हीत डावा-उजवा एकत्र झाले की एकमेकांना खाऊन टाकतात.

तपासायला मॉनिटरवर मोनोचं बटण दाबा. आवाज गायब झाला म्हणजे निदान पक्कं. उपाय: मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, किंवा कॅमेऱ्याला एक्सएलआर अडॅप्टर लावा आणि दोन्ही चॅनलला एकच मोनो द्या. आधी रेकॉर्ड झालेल्या सभा फुकट गेलेल्या नाहीत, उजव्या चॅनलची फेज उलटवा की वाचतील.

रात्रपाळी_प्लेआउट
मोनो दाबला आणि वक्ता नाहीसा झाला. केबल तशीच निघाली. फाइल ‘व्हेरिएबल’च आहे: किमान २०, कमाल ३०.१५१, सरासरी २९.९९४.

आणखी एक विचारतो. सभागृहातून मोबाइल डेटावर एसआरटीनं (इंटरनेटवरून थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) पाठवतो, हॉल भरला की तुटतं. कंपनीची फायबर तिथपर्यंत गेलेली आहे, तिचा उपयोग होईल?

टाइमलाइन
गणित जुळतंय. २९.९९४नं तासाभरात सुमारे १,०७,९७८ फ्रेम झाल्या. त्याच ३०च्या वेगानं लावल्या तर चित्र ०.७ सेकंद आधी संपतं, म्हणजे आवाज तेवढा मागे. ईबीयूच्या (युरोपातल्या प्रसारकांची संघटना) आर३७ शिफारशीत आवाज ४० मिलिसेकंदांहून पुढे किंवा ६० हून मागे नसावा असं आहे. २५ फ्रेमच्या चित्रात ४० मिलिसेकंद म्हणजे एकच फ्रेम, तेव्हा ०.७ सेकंद कोणाच्याही डोळ्यांत येणार.

आलेली प्रत्येक फाइल एडिटिंगच्या आधी एकाच चाळणीतून जाऊ द्या. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) २५ आणि ‘कॉन्स्टंट’, आवाज ४८ किलोहर्ट्झ. एडिटिंगनंतर हे केलं तर उपयोग नाही, कारण चूक टाइमलाइनमध्ये मुरलेली असते. ३०चं २५ करताना फ्रेम गळतात, कॅमेरा आडवा फिरला की हिसके दिसतात. त्यामुळे स्वयंसेवकांना मोबाइल मुळातच २५ किंवा ५० वर ठेवायला सांगा.

त्याच चाळणीत लाउडनेसही, म्हणजे कानाला जाणवणारी सरासरी पातळीही बसवा: उणे २३ एलयूएफएस (तिचं एकक), ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १. शिखर शून्यावर नेऊन नॉर्मलाइझ करणं म्हणजे लाउडनेस नव्हे, एका टाळीमुळे सगळं भाषण हळू राहतं. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधला लाउडनॉर्म हा फिल्टर एकाच पासमध्ये वापरलात तर तो आवाज १९२ किलोहर्ट्झवर नेतो, त्यामुळे आउटपुटला ४८,००० स्पष्ट लिहा.

हेडएंडवाला
फायबर आहे आणि मोबाइल डेटावर चालवता? लोकल चॅनलकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेली गोष्ट असेल तर ती हीच. एक मोकळी सिंगल मोड फायबर मागून घ्या, दोन्ही टोकांना एसडीआय-फायबर कन्व्हर्टर (एसडीआय म्हणजे न दाबलेला व्हिडिओ नेणारी जोडणी), १३१० नॅनोमीटर. शहरातल्या शहरात अंतराचा प्रश्न येत नाही. एन्कोडिंग नाही, इंटरनेट नाही, उशीर नाही.

घोटाळा होतो तो कनेक्टरवर. केबल टीव्हीची फायबर सभागृहात हिरव्या एससी-एपीसीवर संपते, कन्व्हर्टरच्या मॉड्यूलला निळा एलसी-यूपीसी लागतो. हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. ॲडॉप्टरमध्ये दोघं समोरासमोर खुपसले तर सिग्नल गळतो आणि तोंडावर चरे पडतात. एका टोकाला हिरवा एससी, दुसऱ्याला निळा एलसी असलेली तयार पॅचकॉर्ड घ्या. जोडण्याआधी दर वेळी क्लीनरनं पुसा. पॉवर मीटरवर आकडा रिसीव्हरच्या मर्यादेपेक्षा जास्त दिसला तर अटेन्यूएटर (प्रकाश कमी करणारा) लावा.

फायबर मिळेपर्यंत एसआरटीच चालवायचं असेल तर लेटन्सी (ठेवलेला उशीर) आरटीटीच्या, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेच्या किमान चौपट धरा. मोबाइल डेटावर सरळ २,००० मिलिसेकंद द्या. एसआरटीत मुळात असलेली १२० मिलिसेकंदांची सेटिंग तिथे टिकत नाही. बिटरेट अपलोडच्या निम्मा, आणि अपलोड हॉल भरलेला असताना मोजा. रिकाम्या हॉलमधला आकडा कामाचा नाही.

वेलांटी
विषय थोडा बाजूचा, पण लोकल चॅनलवर डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. तळपट्टीत ‘कार्यक्रम’चा रफार सुटा पडला, ‘स्थानिक’मधली वेलांटी ‘न’च्या उजवीकडे गेली, तर ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी येत नाही असं समजा. फॉन्ट बदलून ते सुटणार नाही. तोवर ओळ दुसरीकडे लिहून पारदर्शक पीएनजी करून लावा.

चॅनलचं नाव एसडीटीमध्ये (बॉक्सला चॅनलची नावं सांगणारा तक्ता) मराठीत द्यायचं असेल तर मजकुराचा पहिला बाइट हेक्स १५ हवा, म्हणजे पुढचं यूटीएफ-८ आहे हे बॉक्सला कळतं. तुमच्या ग्राहकांकडच्या सगळ्यात जुन्या बॉक्सवर आधी लावून पाहा. तिथे चौकोन दिसले तर तूर्त रोमन नावच ठेवा.

रात्रपाळी_प्लेआउट
येत्या सभेआधी केबल आणि चाळणी दोन्ही होतील. स्विचर आल्यावर ऑफिसात तीन जुने बॉक्स लावून थेट ते रेकॉर्डेड वीस वेळा बदलून पाहतो. कुठला अडकला ते इथेच कळवतो.