मदत हवी आहे : व्हिएतनामच्या टिपणात व्यापाराचा भाग अडलाय

निपाणी-खानापूरकडच्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी व्हिएतनामवर मराठी टिपण करतोय. राजकारणाचा भाग झाला: 2019 च्या संरक्षण श्वेतपत्रिकेतले चार नकार (लष्करी युती नाही, एकाची बाजू घेऊन दुसऱ्याविरुद्ध जाणं नाही, परकी तळ नाही, बळाचा वापर किंवा धमकी नाही), सप्टेंबर 2023 मध्ये बायडेन हनोईत, डिसेंबरात शी जिनपिंग. मुलं अमेरिकेशी ‘युती’ लिहून मोकळी होतात. अहो, बायडेन यांच्या त्या भेटीत अमेरिकेला भागीदारीचा जो सर्वांत वरचा दर्जा मिळाला, तो चीनला 2008 पासूनच आहे!

अडलंय ते पुढे. व्हिएतनामच्या निर्यातीत सुटे भाग बरेचसे चीनचे, मोठं गिऱ्हाईक अमेरिका. जुलै 2025 मध्ये ट्रम्प यांनी व्हिएतनामी मालावर 20 टक्के, दुसऱ्या देशात बनून तिथून नुसत्या फिरवलेल्या मालावर 40 टक्के कर जाहीर केला. आता ‘फिरवलेला’ कशावरून ठरवायचं? जोडणीवरून, की तिथे मालाच्या किमतीत किती भर पडली यावरून? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या निर्यातीची कागदपत्रं बघणाऱ्या कुणी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा (माल कुठल्या देशात बनला याच्या दाखल्याचा) नमुना, नावं खोडून, टाकाल का?