मदत हवी आहे: घरी केलेला लाकडी ल्यूर (मासे पकडायचा खोटा मासा) कुशीवर पडतो. गळ, शिसं आणि जीभ (तोंडाशी बसवलेली पट्टी) कशी जुळवायची?

नमस्कार मंडळी,

विकतचे ल्यूर खडकात अडकून गेले की जीव हळहळतो, म्हणून स्वतःच करायला घेतले. कोरणं, घासणं, रंगवणं जमतंय. गाडी अडली आहे ती सुट्या भागांवर.

पहिला ल्यूर पाइनचा, १० सेंमी लांब. पोटात शिसं भरून, बुजवून, रंगवून बादलीत सोडला, तर मस्त पोट खाली करून तरंगला. मी खूश! मग ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) लावून पाण्यात ओढला. दोन हात नीट आला आणि कुशीवर पडून गरगरायला लागला. वर काढेपर्यंत लाइनला पीळच पीळ.

दुसरा बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा. त्याला मासा लागला, दोन झटके बसले आणि लाइन सैल. ल्यूर परत आला, पण पोटावरचा स्क्रूचा आकडा गळासकट गायब. भोकात बोट घातलं तर ओला भुसा हाताला लागला.

जीभ ३ मिमी ॲक्रिलिकची आहे (तुकडा घरात पडून होता, दुसरं काही कारण नाही). ती बदलू का? शिसं नेमकं कुठे? आणि गळ कितव्या नंबरचे?

प्रतिसाद १

बाल्सात स्क्रू धरतच नाही, लाकूड फार भुसभुशीत. त्यात आरपार तार घाला: १ मिमीची स्टेनलेस तार, नाकापासून शेपटीपर्यंत सलग, मधे पोटाशी एक वळसा. मग मासा तारेला ओढतो, लाकडाला नाही. पाइनला लांब आट्यांचा स्क्रू इपॉक्सीत (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) बुडवून बसवला तरी चालतं. आणि स्क्रूचं भोक पाडायचं ते रंगाआधी. आतून पातळ इपॉक्सी पाजल्याशिवाय पाणी शिरणारच, लाकूड फुगलं की रंगही तडकतो.

ॲक्रिलिक दगडावर आपटलं की टवका उडतो. पॉलिकार्बोनेट वाकतं, तुटत नाही. तुमच्या मापाला १.५ मिमी पुरे.

प्रतिसाद २

तुमचा क्रम उलटा झालाय. गळ नसताना केलेला तोल खोटा. आधी गळ ठरवा. नंबर वाढेल तसा गळ लहान होतो, म्हणजे ६ पेक्षा ४ मोठा, १ नंतर मात्र १/०, २/० असे पुन्हा मोठे होत जातात. १० सेंमीला मी ४ पासून सुरू करतो. दोन गळ एकमेकांत अडकायला नकोत, आणि टोकं अंगाच्या जाडीबाहेर यायला हवीत.

मग इपॉक्सीचा थर देऊन, स्प्लिट रिंगा (गळ अडकवायच्या कड्या) आणि गळ लावून, शिशाच्या पट्ट्या पोटाला *बाहेरून* चिकटपट्टीने लावा. बादलीत पुढेमागे सरकवत बघा. पाठ जेमतेम वर राहिली आणि बोटाने कुशीवर ढकललेला ल्यूर झटकन सरळ झाला, की तिथेच खूण करून भोक पाडा. शिसं जितकं खाली, तितका ल्यूर स्थिर. फार मागे गेलं तर शेपूट लोंबते आणि हालचाल मरते.

जीभ अंगाच्या रेषेत आडवी असेल तर ल्यूर खोल जातो, उभी असेल तर वरवर चालतो. ती समोरून बघा, बाजूने नाही. एका बाजूला जरा जास्त असली तरी ल्यूर तिकडे पळतो.

धागाकर्ता

समोरून पाहिलं. जीभ डावीकडे चांगली २ मिमी जास्त निघाली! कानशीने सारखी केली. आता गरगरत नाही, पण जोरात ओढला की अजून कलतो. शिसंही पाठीकडे जास्त गेलं असावं, भोक खोल पाडलं होतं. ते उकरून काढू की नवीन अंग कोरू?

प्रतिसाद २

नवीन कोरा. उकरताना आकड्याच्या मुळाशी लाकूड फाटतं. गळ आणि रिंगा तेवढ्या काढून घ्या.