काटा हलत नाही, चालून उपयोग काय?

वरणफळ: वय ४७, वजन ८२. दोन महिने रोज पाऊण तास चालतेय, जेमतेम किलोभर उतरलं आणि गुडघे कुरकुरतात ते वेगळंच. सोडून देऊ का?

कैरी७८: अगं काटा राहू दे, टेप घे! माझं वजन तेवढंच पण सलवारीची नाडी दोन बोटं जास्त आवळायला लागली, पोटाच्या आतली चरबी वजन न उतरताही कमी होते, बीपी-शुगरलाही फरक पडतो.

निवांतकाकू: आठवड्याला १५० मिनिटं तरी हवीतच, पण रमतगमत नको. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये असा वेग. आमच्या ग्रुपात गप्पाच जास्त, वर वडापाव 😄

वरणफळ: आणि गुडघे?

कैरी७८: डांबरी रस्ता सोड, मैदानात चाल नाहीतर सायकल, पोहणं. तरी दुखलंच तर डॉक्टरला दाखव.